जानरावाच्या नाकाखालचं तूप

देवमनला बायकोशी भांडायचं असलं, की तो आधी मळ्याबाहेर येत असे. तुराट्यांच्या कुडाला एक झडपं होतं. ते उघडून बाहेर यायचं, काढून ठेवलेल्या वाहणा पायात घालायच्या, मग काय ती खडाजंगी करायची, आणि पुन्हा वाहणा काढून आत जायचं. मळ्यात अनवाणी जायचं आणि मळ्यात आवाज चढवायचा नाही, ही त्याच्या बापानं घालून दिलेली शिस्त. बाप गेला, शिस्त राहिली.

"भांडाचं तं येथीसाच भांडा ना," पंचफुला त्याला म्हणायची. "एवढी वरात कायले?"

"वेलीचं मन कच्चं असते," देवमन कुजबुजत सांगायचा. "आयकलं तं सुकते."

आता गंमत अशी, की झडपं उघडून, वाहणा शोधून, त्यातला खडा झटकून होईपर्यंत राग निम्मा उतरायचा. उरलेला निम्मा पंचफुलाचं तोंड पाहून जायचा. त्यामुळे त्या दोघांचं खरंखुरं भांडण असं फारसं कोणी ऐकलं नाही. गावातले लोक म्हणत, देवमनचा संसार त्याच्या वाहणांनी सांभाळला.

गाव अंजनगावच्या अंगाला, पानमळे राखणाऱ्या बारी लोकांचं. शेवरीच्या दाट सावलीत विड्याच्या पानांच्या वेली, आणि त्यांच्या जोडीला पिंपळी. पिंपळी म्हणजे मिरीची चुलत बहीणच म्हणा ना. बोटाच्या पेराएवढी लांबट फळं, वाळली की काळी आणि खडबडीत. खोकल्याला मधातून द्यायची, बाळंतिणीला तुपातून द्यायची. देवमनच्या बापाच्या पिंपळीचं नाव थेट अमरावतीपर्यंत होतं. जवाहर गेटाच्या आत वामनराव वैद्यांचं औषधाचं दुकान होतं, ते पिंपळी घेत ती याच मळ्यातली. बापाच्या मागे देवमनची घेऊ लागले.

अठ्ठावन्न सालच्या माघात देवमन नेहमीसारखा पिंपळीचं पोतं घेऊन एस्टीनं अमरावतीला गेला. वामनरावांनी पोत्याला हातच लावला नाही. आतून एक बरणी आणली, झाकण काढलं आणि देवमनच्या नाकासमोर धरली.

"वास घे."

देवमननं घेतला आणि मान मागे केली.

"हे तुझ्या गेल्या वर्षीच्या पिंपळीचं घृत," वैद्य म्हणाले. "तुझ्या बापाच्या पिंपळीचं तूप मी दोन-दोन पावसाळे ठेवलं आहे, काही होत नसे. पिंपळीतलं सत्त्वच तुपाला राखतं, आणि जे तुपाला राखतं तेच माणसालाही राखतं. तुझं तूप होळीच्या आत खवट झालं. मी हे रोग्याला कसं देऊ, सांग?"

 देवमन पोतं घेऊन परत निघाला. वाटेत एस्टीत शेजारच्या माणसानं विचारलं, "पोत्यात काय हाये?" तर देवमन म्हणाला, "गवत."

घरी ही हकीकत ऐकून सगळ्यात जास्त आनंद झाला तो जानरावाला. जानराव देवमनचा थोरला भाऊ. आडवातिडवा गडी, आवाज पहाडी. म्हणूनच बापानं त्याला मळ्यात कधी फारसं येऊ दिलं नव्हतं. बायको लवकर वारली, मूलबाळ नाही, भावाच्याच घरी जेवायचा. मळ्याची जमीन मात्र दोघांच्या नावावर. जानरावाच्या मनात संत्रा भरला होता.

"मी केव्हाचा सांगून राहिलो," तो ओसरीवरून गरजला. "पिंपळीचा जमाना गेला. उपटून फेक अन् संत्रा लाव. परतवाड्याहून कलमं आणतो मी."

"दादा, बाबाची वेल हाये."

"बाबाची होती तवा दम होता. आता तूच म्हणतं गवत हाये, तं गवत कायले पोसतं?"

बोलणं बरंच चाललं. शेवटी ठरलं असं, की पुढच्या सालच्या मृगापर्यंत वामनराव वैद्यांनी पिंपळी पुन्हा पसंत केली तर मळा राहील. नाही तर मृगाच्या पावसावर संत्र्याची कलमं लागतील, आणि देवमननं त्यावर चकार शब्द काढायचा नाही.

जानरावाबद्दल एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही, ती म्हणजे त्याचं नाक. तूप हा त्याचा जीव की प्राण, आणि तुपाच्या बाबतीत त्याचं नाक म्हणजे कोर्ट. लग्नाच्या पंगतीत तूप वाढणारा आला की जानराव आधी त्याचं मनगट धरायचा, वाटी नाकाशी न्यायचा आणि मग एक तर "येऊ द्या" म्हणायचा, नाही तर नुसती मान हलवायचा. मान हलली की मांडवात शांतता. तिवशाला एका लग्नात त्यानं अख्खा डबा परत पाठवला होता, आणि नेमके वामनराव वैद्य त्याच पंगतीत समोर बसलेले होते. त्यांनीही मग हातातला घास खाली ठेवला. त्या लग्नात वरपक्षाचे लोक नवरीपेक्षा जानरावाकडेच जास्त पाहत होते.

तर असं. त्या उन्हाळ्यात अकोल्याला शेतकी प्रदर्शन भरलं. लोक कपाशीची बोंडं आणि ज्वारीची कणसं पाहत होते. देवमन खिशात मूठभर पिंपळी घेऊन दिसेल त्या साहेबाला गाठत होता. बहुतेकांनी वास घेऊन परत दिली. शेतकी कॉलेजातला एक तरुण मात्र थांबला. उत्तमराव त्याचं नाव. औषधी झाडांवर काम करायची त्याला हौस, पण वरचे लोक म्हणत आधी कापूस बघ. त्यानं देवमनला चहा पाजला आणि सगळं ऐकून घेतलं.

ज्येष्ठात उत्तमराव मूर्तिजापुरात गाडी बदलून, छोट्या गाडीनं अंजनगावला आणि तिथून पायी मळ्यावर आला. आत शिरणार तोच देवमननं त्याच्या बुटांकडे पाहिलं. उत्तमरावानं बूट काढले, मोजे काढले, आणि काही विचारायचं राहू नये म्हणून हळूच विचारलं, "टोपी?"

"टोपी राहू द्या साहेब. वेल पाय पाहते, डोक्शावरचं नाही पाहत."

उत्तमरावाच्या पिशवीत एक छोटी निळी बाटली होती. देवमनला समजेल अशा बोलीत त्यानं सांगितलं, की एका कंदातून काढलेलं हे औषध आहे, आणि आहे विषारीच. वेलीच्या कोवळ्या कोंबात आईबापाकडून आलेला सगळा वारसा भरलेला असतो. हे औषध लागलं, की एखाद्या कोंबात तो वारसा दुप्पट होतो. मग वेलीची जातच बदलते. पानं जाड होतात, फळ बदलतं, आणि नशीब असेल तर फळातलं सत्त्वही वाढतं.

"अन् नशीब नसलं तं?"

"तर वेल मरते, नाही तर नुसती फुगते."

देवमननं वेलींकडे पाहिलं. आपल्या लेकरांना कोणी टोचायला आलं असावं, तसा त्याचा चेहरा झाला. मग म्हणाला, "धीरानं लावा साहेब. लयच कोवळे हायेत."

उत्तमरावानं निवडक वेलींच्या कोंबांवर औषधात भिजवलेला कापसाचा बोळा ठेवला. कोणत्या वेलींना औषध लावलं ते कळावं म्हणून त्या प्रत्येकीला लाल दोरा बांधला. दोऱ्याकडे लक्ष ठेवा, असं बजावून तो अकोल्याला गेला.

देवमननं लक्ष ठेवलं. काही कोंब काळे पडले तेव्हा तो दोन वेळ नीट जेवला नाही. मग उरलेल्यांनी जीव धरला. त्यातल्या एका वेलीची पानं तर तळहाताएवढी झाली, जाड आणि काळीशार. तिचं नाव त्यानं पहेलवान ठेवलं. येणाऱ्याजाणाऱ्याला वाहणा काढायला लावून आत नेई आणि दाखवी. "पाहा, दंड कसे भरले."

श्रावण आला. नागपंचमी हा बारी लोकांचा मोठा सण. वेल ती नागाची, तेव्हा त्या दिवशी मळ्यात विळा चालत नाही, कुदळ चालत नाही, फक्त पूजा. बायका दूध-लाह्या घेऊन मळ्यात येतात, वेलीला हळद-कुंकू वाहतात. पंचफुलाला त्या वर्षी मळ्याची काळजी लागलेली. नवरा आतून पोखरला जातो आहे हे तिला दिसत होतं. तिनं मनाशी ठरवलं, यंदा एकही वेल उपाशी ठेवायची नाही. बाजारातून लाल नाड्याचं गुंडाळंच आणलं आणि मळ्यातल्या झाडून सगळ्या पिंपळींना एकेक नाडा बांधला. रंग उडालेले, कुजलेले जुने दोरे दिसले, तर तेही सोडून तिथे नवे बांधले.

पोळ्यानंतर उत्तमराव आला. बूट काढले, आत शिरला आणि पाहतो तर काय, सगळा मळा लाल नाड्यांनी नटलेला. तो तिथेच पाण्याच्या दांडावर बसला.

"देवमनभाऊ," तो म्हणाला, "औषध लावलेली वेल कोणती?"

 देवमननं पहेलवानाकडे बोट दाखवलं. बाकीच्या त्यालाही सांगता येईनात.

पंचफुला पदर सावरत पुढे आली. "साह्यब, तुमचाही दोरा लाल, माह्या नागोबाचाही लाल. त्यातला सरकारी कोणता हे मले कसं समजावं? दोरा जुना दिसला, म्या नवा केला."

 उत्तमरावाच्या तीन महिन्यांच्या कामावर नाडा फिरला होता. मग त्याला हसू आलं, आणि ते आवरेना. देवमननं घाबरून ओठावर बोट ठेवलं, तेव्हा तो तोंडावर रुमाल धरून हसू लागला.

"असू द्या वहिनी," तो म्हणाला. "खूण गेली, वेल तर जागेवर आहे. आता सगळ्याच तपासू."

पौषात पिंपळी वाळली तेव्हा उत्तमराव सुटी घेऊन आला. एकाच दिवशी, एकाच म्हशीच्या लोण्याचं तूप पंचफुलानं कढवलं. ज्या ज्या वेलीत काही वेगळं दिसत होतं, त्या प्रत्येकीची पिंपळी वेगळी कुटली. दर वेळी खलबत्ता धुतला. सारख्या मापाचं चूर्ण सारख्या वाट्यांमध्ये घालून वर तूप ओतलं. एक वाटी नुसत्या तुपाची ठेवली. वेलीची खूण वाटीच्या बुडाला काजळानं केली. आणि सगळ्या वाट्या चुलीवरच्या फळीवर मांडल्या, का तर उबेनं तूप लवकर खवटतं, आणि मृगाच्या आत निकाल पाहिजे होता.

"आता वास कोण घेणार?" उत्तमराव म्हणाला. "देवमनभाऊ नको. यांना सगळ्याच वेली प्रिय. आणि माझं नाक सर्दीचं."

जानराव ओसरीवर सुपारी कातरत होता. पंचफुला काही भासऱ्याशी, म्हणजे थोरल्या दिराशी, थेट बोलत नसे. तिकडची रीतच तशी. जानरावाला सांगायचं ते ती घरातल्या मांजरीला सांगायची.

"मने," ती मांजरीला म्हणाली, "लगनात लोकायचे डबे वापस धाडते ते नाक घरात काहून झोपते वो?"

सुपारी थांबली. "देवमन," जानराव म्हणाला, "मी संत्र्याच्या बाजूचा माणूस हावो. खवट असलं तं खवटच म्हणीन. मंग रडू नको."

"तेच तर पाहिजे," उत्तमराव म्हणाला.

तेव्हापासून दर बुधवारी जानरावाचं कोर्ट भरू लागलं. तो पाटावर बसे. एकेक वाटी नाकाखाली धरे, आणि दोन वाट्यांच्या मध्ये मातीचं ओलं ढेकूळ हुंगून नाक कोरं करी. ही त्याचीच युक्ती. सगळ्यात आधी नुसत्या तुपाची वाटी बाद झाली. मग एकामागून एक वाट्या खाली उतरू लागल्या. फाल्गुनात एक वाटी त्यानं नाकाशी नेली आणि हात लांब केला.

"हे कोणाचं हाये बापा? उंदीर मेला का ह्याच्यात?"

देवमननं वाटी उलटून बूड पाहिलं. पहेलवान.

"वाटी नीट धुतली नसन," देवमन म्हणाला.

"मने," पंचफुला आतून म्हणाली, "आता दोष वाटीले येऊन राहिला."

उत्तमरावाला पुढच्या खेपेला हे कळलं तेव्हा तो म्हणाला, "औषध लागलं, पण ते अंगाला लागलं, गुणाला नाही लागलं. होतं असं." देवमन त्या संध्याकाळी पहेलवानापाशी बराच वेळ उभा होता. तो काय बोलला ते कोणी ऐकलं नाही, पण पाणी मात्र त्यानं तिला जास्तच सोडलं.

चैत्र गेला. ऊन असं, की घरातलं नेहमीचं तूपही वास मारू लागलं. फळीवर शेवटी एकच वाटी राहिली. तिचं बूड पाहिलं तर विहिरीच्या कोपऱ्यातली वेल. पानं साधी, अंग रोडावलेलं, फळ आखूड पण टणक. देवमननं तिचं कधी नावही ठेवलं नव्हतं. उत्तमरावानं तिचं पान अकोल्याला नेऊन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं आणि पत्र टाकलं, की हिलाही औषध लागलेलं आहे, वारसा दुप्पट झालेला आहे. अक्षय तृतीयेला येतो, दुसऱ्या दिवशी ती वाटी घेऊन वैद्यांकडे जाऊ.

जानरावाला त्या पत्रातलं काही ठाऊक नव्हतं. त्यानं तिकडे परतवाड्याला संत्र्याची कलमं सांगून ठेवली होती.

अक्षय तृतीया म्हणजे पितरांचा दिवस. देवमन उत्तमरावाला आणायला अंजनगावला गेला होता. पंचफुलानं पुरणपोळ्या केल्या. बापाच्या नावानं पान वाढायचं ते थोरल्या मुलानं. जानरावानं पान वाढलं, पोळीवर तूप घ्यायला भांडं उचललं, आणि सवयीनं नाकाशी नेलं. मान हलली.

"बाबाच्या पानावर हे?" तो स्वतःशीच म्हणाला.

देवमन उत्तमरावाला घेऊन आला, तेव्हा बापाच्या पानावरच्या पोळीवर तुपाचं तळं होतं, जानरावाच्या पानावर दुसरं तळं होतं, आणि चुलीवरची फळी रिकामी होती.

"दादा," देवमन फळीकडे पाहत म्हणाला, "वाटी?"

"वाटी घासाले टाकली." जानराव बोटं चाटत म्हणाला. "काहून?"

वर्षभराची राखण, उत्तमरावाच्या खेपा, वैद्याचा शब्द, सगळं त्या पोळीवर ओतलेलं.  देवमनला आयुष्यात पहिल्यांदा थोरल्या भावावर ओरडायचं होतं. पण सवय मोठी विचित्र. ओरडायचं म्हणून तो घराबाहेर आला आणि उंबऱ्यापाशी वाहणा शोधू लागला. एक सापडली. दुसरी मांजरीनं ओढून नेली होती. ती शोधता शोधता, एक पाय वाहणेत आणि एक पाय तापल्या मातीत, तो एकदम थांबला.

दादानं तूप खाल्लं. जानरावानं. वैशाखात.

देवमन तिथेच हसू लागला. एका पायावर उभा राहून, डोळ्यातून पाणी येईपर्यंत. आतून जानराव ओरडला, "आबे काय झालं? ऊन लागलं का तुले?" आणि उत्तमरावाच्याही ध्यानात आलं. तो जानरावाच्या शेजारी पाटावर बसला आणि म्हणाला, "वहिनी, मलाही वाढा. निकाल लागला."

जानरावाला समजायला जरा वेळ लागला. समजलं तेव्हा त्यानं हातातला घास पाहिला, बापाच्या पानाकडे पाहिलं आणि घास तोंडात टाकला. तो पूर्ण चावून गिळला.

"उद्या मी येतो अमरावतीले," मग म्हणाला.

दुसऱ्या दिवशी तिघंही जवाहर गेटाच्या आत उभे राहिले. बरोबर विहिरीच्या कोपऱ्यातल्या वेलीची उरलेली पिंपळी, रुमालात बांधलेली.

"पिंपळी ठीक आहे," वामनराव म्हणाले. "तूप कुठे आहे? मला तूप दाखव."

देवमननं खाली पाहिलं. जानराव पुढे झाला. "वैद्यबुवा, तूप म्या खाल्लं."

"खाल्लं?"

"पौषातलं होतं. चुलीवर ठेवेल होतं. काल खाल्लं. पुरणपोळीवर घेऊन. अन् बाबाच्या पानावर वाढलं."

वामनरावांनी चष्मा काढला. जानरावाकडे नीट पाहिलं. तिवशाची पंगत त्यांना आठवली असावी, कारण त्यांच्या मिशा हलू लागल्या.

"जानराव, तू? चुलीवरचं पौषातलं तूप वैशाखात खाल्लंस?"

"बोटं चाटून."

वैद्य खो खो हसत सुटले. दुकानातली गिऱ्हाइकं पाहू लागली. "मग बरणीत पाहण्यासारखं काय उरलं? देवमन, या वेलीची पिंपळी जेवढी होईल तेवढी माझी. पण एवढ्याशा रुमालावर भागायचं नाही. मळा कर हिचा."

 एस्टीत बसल्यावर जानराव खिडकीबाहेर पाहत म्हणाला, "कलमं तं सांगून ठेवली ना मी परतवाड्याले."

"कुडाच्या बाहीर लावू दादा," देवमन म्हणाला. "रस्त्याच्या कडंनं. येणाऱ्याजाणाऱ्याले सावली."

कलमं लागली, कुडाबाहेर. आत त्या पावसाळ्यात कोपऱ्यातल्या वेलीची बेणं ओळीनं उभी राहिली. पुढे ती गावभर गेली. उत्तमराव तिला कसल्याशा आकड्यानं ओळखायचा, पण गावात तिचं नाव पडलं नाड्याची पिंपळी. औषधानं झाली, हे देवमन मानायचा. नागोबानं केली, हे पंचफुलानं कधी सोडलं नाही, आणि उत्तमराव आला की ती त्याला ऐकू जाईल अशा बेतानं मांजरीला ते सांगायची.

मृगाच्या पहिल्या आठवड्यात देवमन मळ्यात बेणं लावत होता. झडपं वाजलं. पाहतो तर जानराव. वाहणा बाहेर काढलेल्या, धोतर वर खोचलेलं. कित्येक वर्षांत तो असा आत आला नव्हता. विहिरीच्या कोपऱ्यात जाऊन तो खाली वाकला. पहाडी आवाज घशातच दाबून धरण्याच्या खटपटीत त्याचा चेहरा लाल झाला होता.

"पोळी लय गोड लागली वो माय," तो वेलीला म्हणाला.

मग मागे वळून देवमनला कुजबुजत विचारलं, "आयकलं का तिनं?"